इंधन कुणाच्या हाती?

ईसीयूवाला : नायट्रसची बाटली म्हणजे दाबून भरलेला जादा ऑक्सिजन, एवढ्यावर आपलं दोघांचं एकमत आहे. हवेच्या वजनात ऑक्सिजन साधारण २३ टक्के असतो, नायट्रस ऑक्साइडच्या वजनात ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्याच्या जोडीला जळायला पेट्रोल लागतं. सगळा वाद या पेट्रोलचा आहे. माझं म्हणणं असं, की ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एकेक इंजेक्टर आहे, आणि तो किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, आहे, तिथे जादा पेट्रोलही त्याच वाटेने जावं. सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये नुसतं नायट्रस सोडायचं आणि पेट्रोल इंजेक्टरकडून वाढवून घ्यायचं, ही ड्राय पद्धत. तुमच्या वेट किटमध्ये थ्रॉटलजवळच्या नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकदम फवारतात. जो मॅनिफोल्ड कंपनीने फक्त हवेसाठी घडवला, त्यातून तुम्ही पेट्रोलचे थेंब वाहून नेता. हे मला पटत नाही.

कार्ब्युरेटरवाला : इंजेक्टरकडून वाढवून घ्यायचं, म्हणालास. त्याच्याकडे शिल्लक किती आहे ते आधी पाहू. मोघम नको, अमेरिकेत ज्या गाड्यांवर ही किटं सर्रास बसली त्यांतलीच एक घेऊ : १९८७ ते १९९२ या काळातली फोर्ड मस्टँग ५.०. व्ही-८ इंजिन, २२५ हॉर्सपॉवर, आठ इंजेक्टर, प्रत्येकाची क्षमता ताशी १९ पौंड पेट्रोल. आठांचे मिळून १५२ झाले. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवत नाहीत, ८५ टक्क्यांना थांबतात. म्हणजे हातात उरले ताशी १२९ पौंड. पूर्ण थ्रॉटलवर एका हॉर्सपॉवरला ताशी सुमारे अर्धा पौंड लागतो, म्हणजे हे इंजेक्टर जेमतेम २५८ हॉर्सपॉवर पोसतील. तू शंभरचा शॉट, म्हणजे शंभर हॉर्सपॉवर वाढवणारं नायट्रस, मारलास तर मागणी ३२५ हॉर्सपॉवरची, पेट्रोल हवं १६२ पौंड. इंजेक्टर एकदाही न मिटता चालू ठेवले तरी दहा पौंड कमी पडतात. मिश्रण लीन होतं, म्हणजे ऑक्सिजनच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग सुरू होतं, पिस्टनची कड वितळते.

आणि जादा पेट्रोल हवंय हे तुझ्या ईसीयूला कळतं कसं? १९८८ पर्यंतच्या बहुतेक मस्टँगमध्ये हवा मोजायची सोयच नव्हती. मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम पाहून तो अंदाज बांधायचा. नायट्रस आलं तरी दाब फारसा बदलत नाही, म्हणून त्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. १९८९ पासून हवा मोजणारा मीटर आला, पण नोझल मीटरच्या पुढे लावला की त्यालाही पत्ता लागत नाही. माझ्या किटमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. एक बटण, दोन सोलेनॉइड, एक नायट्रसचा आणि एक पेट्रोलचा. दोघे एकदम उघडतात. किती जायचं ते पितळी जेटच्या भोकावर ठरतं आणि ते भोक मी हातात धरून मोजू शकतो.

ईसीयूवाला : तुमचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा आहे. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबावर ठरतं, आणि ते दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. त्या मस्टँगचा मूळ दाब ३९ पीएसआयच्या आसपास. १२९ वरून १६२ वर जायला पेट्रोल सव्वापट व्हायला हवं, म्हणजे दाब साधारण ६२ पर्यंत न्यायचा. त्या काळची ड्राय किटं नेमकं हेच करत. बाटलीतल्याच दाबाचा थोडा भाग फ्युएल प्रेशर रेग्युलेटरवर सोडत, की पेट्रोलचा दाब आपोआप चढे. यात एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही : दाब वाढला की मूळचा पंप कमी पेट्रोल देतो. म्हणून पंप आधी बदलावा लागतो. पुष्कळ लोकांनी तो बदलला नाही, आणि त्यांची इंजिनं गेल्यावर दोष ड्राय पद्धतीला लागला. आज तर रेग्युलेटरची ही कसरतही उरलेली नाही. मोठे इंजेक्टर बसवायचे, ईसीयू नव्याने ट्यून करायचा, नायट्रस चालू झाल्याची तार त्याला जोडायची. तो त्या क्षणी पेट्रोल वाढवतो आणि ठिणगीचं टायमिंगही मागे घेतो, दर पन्नास हॉर्सपॉवरमागे साधारण दोन अंश.

आता तुमच्या बाजूचा हिशेब करू. नोझलमधून निघालेल्या पेट्रोलला आठ सिलिंडरपर्यंत पोचायचंय. कार्ब्युरेटरच्या मॅनिफोल्डमधून पेट्रोल जाणारच असतं, म्हणून त्याचे मार्ग आखूड, उताराचे, कधी गरम ठेवलेलेही. इंजेक्शनच्या मॅनिफोल्डचे नळ लांब, वळणदार आणि थंड. घाटातल्या वळणावर एसटीत उभे असलेले प्रवासी जसे बाहेरच्या बाजूला फेकले जातात, तसे पेट्रोलचे थेंब वळणावर भिंतीला जाऊन चिकटतात. हवा आणि नायट्रस हलके, ते वळून पुढे जातात. त्यात नायट्रस द्रव रूपात सुटतं आणि उणे ८८ अंशाला उकळतं. त्या गारठ्यात पेट्रोलची वाफ होत नाही, थेंब थेंबच राहतात. तळाशी डबकं साचतं. मग एखाद्या सिलिंडरने इनटेकच्या दिशेने ज्वाळ फेकली की सगळा मॅनिफोल्ड पेट घेतो. १९९७ च्या कॉर्व्हेटपासून आलेल्या एलएस१ इंजिनाचा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे. त्यात असा भडका उडाला की तुकडे बॉनेटखाली गोळा करावे लागतात.

कार्ब्युरेटरवाला : भडके उडाले, मान्य. पण ते उडाले कुठे? दीड-दोन हजार आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, हवेला वेगच नसताना बटण दाबलं तिथे. हवा संथ असेल तर पेट्रोल साचणारच. म्हणून जाणता माणूस विंडो स्विच लावतो : तीन हजारांच्या खाली नायट्रस सुटत नाही आणि आरपीएम लिमिटरच्या बरंच आधी बंद होतं. थ्रॉटल पूर्ण उघडा असल्याशिवायही सुटत नाही. एवढं केलं तर वेट किट मॅनिफोल्ड फोडत नाही. शिवाय चांगल्या फॉगर नोझलमध्ये नायट्रस हजार पीएसआयच्या जवळपास दाबाने पेट्रोलच्या धारेवर आदळतं आणि तिचं धुकं करतं. थेंब जितका बारीक तितका तो वळतो.

आणि तू वाटपाचा मुद्दा काढलास म्हणून विचारतो. ड्रायमध्ये पेट्रोल आठही सिलिंडरना सारखं जातं, हे तू अभिमानाने सांगतोस. पण नायट्रस सारखं जातं का? एकच नोझल, एका कोपऱ्यात. समज तिसऱ्या सिलिंडरला वाजवीपेक्षा दहा टक्के जास्त नायट्रस गेलं. पेट्रोल मात्र सगळ्यांइतकंच. तो सिलिंडर लीन. एक्झॉस्टमधला सेन्सर आठांची सरासरी दाखवतो आणि सरासरी उत्तम दिसते. वेटमध्ये निदान नायट्रस आणि पेट्रोल हातात हात घालून निघतात. ज्याला एक जास्त मिळतं त्याला बहुधा दुसरंही जास्त मिळतं.

ईसीयूवाला : निघतात हातात हात घालून, पण वळणावर हात सुटतो, हे मी आत्ताच सांगितलं. मात्र तिसऱ्या सिलिंडरबद्दलचा तुमचा आक्षेप खरा आहे, तो मी खोडू शकत नाही. एका नोझलच्या ड्राय किटला मोठा शॉट झेपत नाही याचं हे दुसरं कारण, पहिलं इंजेक्टरचं. म्हणूनच मोठ्या ताकदीला डायरेक्ट पोर्ट वापरतात, प्रत्येक सिलिंडरच्या नळाला स्वतंत्र नोझल. पण डायरेक्ट पोर्ट वेट असेल तर आठ नायट्रसचे आणि आठ पेट्रोलचे असे सोळा जेट झाले. त्यांतल्या एकाच पेट्रोलच्या जेटमध्ये कचऱ्याचा कण अडकला तर तो सिलिंडर गेला. डायरेक्ट पोर्ट ड्राय असेल तर आठच जेट, आणि एखादा तुंबला तर त्या सिलिंडरला नायट्रस कमी मिळतं, पेट्रोल जास्त होतं. गाडी थोडी गुदमरते, पिस्टन वाचतो. बिघाड व्हायचाच असेल तर तो रिच बाजूला व्हावा, एवढंच माझं मागणं आहे.

कार्ब्युरेटरवाला : छान मुद्दा आहे, आणि तो फक्त तुंबण्यापुरता खरा आहे. इंजेक्टर तुंबला तर? पंप थकला तर? पूर्ण थ्रॉटलवर पंपाच्या मोटरला पुरेसे व्होल्ट मिळाले नाहीत तर? तेव्हा तुझा बिघाडही लीन बाजूलाच होतो, आणि तो एका सिलिंडरचा नाही, आठांचा होतो. कारण साध्या पेट्रोलची आणि नायट्रसच्या पेट्रोलची वाट तू एकच ठेवलीस. मला ती वेगळी ठेवता येते. ड्रॅगवाले डिकीत छोटी वेगळी टाकी बसवतात, तिला वेगळा पंप, आणि तिच्यात भारी ऑक्टेनचं रेस फ्युएल भरतात. रोजचं इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर चालतं, नायट्रस सुटतं त्या दहा सेकंदांत रेस फ्युएल जातं. त्या वाटेवर एक प्रेशर स्विच लावला की पेट्रोलचा दाब पडताच नायट्रसचा सोलेनॉइड मिटतो. ड्रायमध्ये ही सोय मिळणार नाही.

ईसीयूवाला : प्रेशर स्विच मलाही लावता येतो, रेलवर. पण वेगळ्या टाकीचा मुद्दा तुमचा, आणि तो वजनदार आहे. त्याच्या बदल्यात एक गोष्ट विचारतो. लिमिटरला लागल्यावर काय होतं? कंपनीचा लिमिटर बहुधा इंजेक्टर बंद करून आरपीएम रोखतो. ड्रायमध्ये इंजेक्टर पूर्ण मिटले की सिलिंडरमध्ये पेट्रोलच नाही, आग विझते. बंद होताना आणि पुन्हा चालू होताना एखाददुसरा स्ट्रोक लीन जातो, तो धोका आहेच. वेटमध्ये मात्र नोझल पेट्रोल देतच राहतो. ते पेट्रोल फक्त नायट्रसपुरतं असतं. हवेच्या वाट्याचं पेट्रोल इंजेक्टरने थांबवलेलं. म्हणजे सिलिंडरमध्ये आग चालूच, पण अर्धपोटी, आणि भोवती ऑक्सिजनचा पूर. याहून वाईट मिश्रण मुद्दाम तयार करायचं म्हटलं तरी जमणार नाही.

कार्ब्युरेटरवाला : म्हणून तर विंडो स्विच.

ईसीयूवाला : म्हणजे तुमची पद्धत एका स्विचच्या भरवशावर आहे.

कार्ब्युरेटरवाला : आणि तुझी एका ट्यूनच्या भरवशावर. स्विच बिघडला तर मला दिसतो, तारेला मीटर लावून पाहता येतो. ट्यूनमधली चूक कुणाला दिसते? ज्याने लॅपटॉपवर आकडे भरले त्याला, तेही त्याने लॉग पाहिला तर.

*

दोघांचं बोलणं इथे क्षणभर थांबवतो, कारण महाराष्ट्रात हे वाचणाऱ्याला एक गोष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल गाडीत करू देत नाही. नायट्रसची बाटली दाबाखालच्या वायूच्या सिलिंडरमध्ये मोडते, तिला २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागतात, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. तेव्हा पुढचं सगळं बंद धावपट्टीवरच्या, परवानगीने चालणाऱ्या गाडीबद्दल आहे, पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेबद्दल नाही. आणि नागपूरचं नाव निघालंच आहे, तर पुढचा मुद्दा त्या शहराच्या हवेलाही लागू पडतो.

*

ईसीयूवाला : बाटलीच्या तापमानाबद्दल आपण बोललोच नाही. किटचे जेट ठरवताना बाटलीत ९०० ते १००० पीएसआय दाब धरलेला असतो. एवढा दाब बाटली तिशीच्या आसपास असताना मिळतो. बाटली थंड पडली की दाब कमी, नायट्रस कमी, मिश्रण रिच. बाटली तापली की उलट : नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच, मिश्रण लीन. आणि ३६.४ अंश हे नायट्रस ऑक्साइडचं क्रांतिक तापमान. त्याच्या वर बाटलीत द्रव आणि वायू असे दोन भाग राहतच नाहीत. जेटचं भोक तर द्रव वाहील या हिशेबाने काढलेलं असतं. ॲरिझोनातल्या फिनिक्सला उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत काय होत असेल याचा विचार करा. मे महिन्यातल्या नागपुरात हवाच ४५ अंशांवर जाते, तिथे बंद डिकीतली बाटली किटच्या कागदावरच्या हिशेबात बसतच नाही. तुमच्या दोन पितळी भोकांना या गोष्टीची जाणीव असू शकत नाही. मी बाटलीवर दाबाचा सेन्सर लावतो आणि ईसीयूला सांगतो : दाब एवढा, तर पेट्रोल एवढं. दाब हद्दीबाहेर, तर नायट्रस सुटणारच नाही.

कार्ब्युरेटरवाला : हा घाव बसला. जेट बदलणं आणि बाटली ओल्या कापडाने थंड ठेवणं एवढंच माझ्या हातात आहे, आणि दोन्ही गोष्टी रेसच्या आधी करायच्या असतात, मधे नाही. बाटलीच्या बाबतीत तुझी पद्धत सरस.

पण मग मला हे सांग. तुझ्या बोलण्यातून असं वाटतं की वेट म्हणजे जुन्या गाड्यांची गोष्ट, ड्राय म्हणजे नव्या. तर नवीनच गाडी घे. २०१४ च्या कॉर्व्हेटमधलं एलटी१ इंजिन. त्यात इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये नाहीत, थेट सिलिंडरमध्ये फवारतात. आधी इंजेक्टरला फवारायला इंजिनाच्या दोन फेऱ्या मिळत होत्या. सहा हजार आरपीएमला त्या २० मिलिसेकंदांच्या होतात. आता पेट्रोल त्याच स्ट्रोकमध्ये, ठिणगीच्या आधी, नीट मिसळायला वेळ ठेवून जायला हवं. वापरण्याजोगी फट आधीच्या निम्म्याहून कमी. हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो, तो बदलणं खर्चाचं काम. तुझ्या ड्राय शॉटला जादा पेट्रोल आणणार कुठून?

ईसीयूवाला : थोडं आणता येतं. पन्नास-साठ हॉर्सपॉवरचं. त्यापुढे नाही.

कार्ब्युरेटरवाला : मग पुढे?

ईसीयूवाला : पुढे मॅनिफोल्डमध्ये वेगळं पेट्रोल फवारावं लागतं. वेट. मात्र ते पेट्रोल मी जेटवर सोडणार नाही, जास्तीचे पोर्ट इंजेक्टर बसवून ईसीयूच्या ताब्यात ठेवीन.

कार्ब्युरेटरवाला : आता आपण जवळ आलो. तू मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल घालायला तयार झालास, आणि त्यावर सेन्सरचं लक्ष असावं हे मी मान्य केलं. पेट्रोल कुठल्या नळातून जातं हा मग मोठा मुद्दा उरला नाही. नायट्रस कमी-जास्त झालं तर पेट्रोलला ते कळतं का, आणि पेट्रोल कमी झालं तर नायट्रसला कळतं का, हा मुद्दा आहे. साध्या वेट किटला पहिलं कळत नाही. प्रेशर स्विच लावला तर दुसरं कळतं. साध्या ड्राय किटला दोन्ही कळत नाही.

ईसीयूवाला : आणि चांगल्या ट्यूनच्या ड्रायला दोन्ही कळतं, जोवर इंजेक्टर आणि पंप यांच्याकडे शिल्लक आहे तोवर. शिल्लक संपली की कळूनही उपयोग नाही. ईसीयू इंजेक्टर पूर्ण उघडून बसतो आणि पेट्रोल येत नाही.

कार्ब्युरेटरवाला : म्हणून पोर्ट इंजेक्शनच्या गाडीवर पन्नास-पाऊणशेचा शॉट, ईसीयू ट्यून होणारा आणि लॉग वाचणारा माणूस हाताशी, तर ड्राय घे, मी अडवणार नाही. कार्ब्युरेटर असेल तर वेटला पर्यायच नाही. दोनशेच्या वर डायरेक्ट पोर्ट, आणि पेट्रोलची वाट वेगळी. पण शंभर ते दीडशेच्या पट्ट्यात, मूळ मॅनिफोल्डवर, एका नोझलने? तिथे माझं मन अजून वेटकडे जातं.

ईसीयूवाला : तिथेच माझं ड्रायकडे. तुमच्या पद्धतीत वळणावर थेंब गळतात, माझ्या पद्धतीत तिसऱ्या सिलिंडरला नायट्रस जास्त जातं. दोन्हींत एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा लीन असतो आणि तो कुठला हे आधी ठाऊक नसतं. आठही एक्झॉस्ट नळांवर तापमानाचे सेन्सर लावल्याशिवाय या पट्ट्यात आपल्यापैकी कोण बरोबर हे त्या गाडीपुरतंही सांगता येणार नाही, आणि एका गाडीचं उत्तर दुसऱ्या मॅनिफोल्डला लागू पडणार नाही.

कार्ब्युरेटरवाला : सेन्सर नसतील तर प्रत्येक धावेनंतर आठही स्पार्क प्लग काढून पाहायचे. चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय. तिथेच थांबायचं, मग किट कुठलंही असो. आणि सेन्सर लावायची किंवा प्लग तपासायची तयारी असलेल्यालाही मी आधी एकच प्रश्न विचारीन : तुझ्या गाडीचा फ्युएल प्रेशर पूर्ण थ्रॉटलला, शेवटच्या गिअरमध्ये, आज किती आहे? ज्याला हा आकडा सांगता येत नाही, त्याने वेटही घेऊ नये आणि ड्रायही.